पडद्यावरची पावती पेटीत ठेवायला शिका!

आपल्या घराघरांत एक लोखंडी पेटी असते. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, कारखान्यातून मिळालेले पीएफचे कागद हे सगळे त्या पेटीत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवलेले असते. आपल्या आया-आज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, पण शिक्का असलेला कागद त्यांनी कधी चुलीत घातला नाही. ‘कागुद हाय म्हंजी आपुन हाय,’ हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. तलाठ्याच्या, हेडमास्तरच्या आणि मुकादमाच्या दारात उभे राहून त्या ते शिकल्या होत्या.

आज मात्र कागद हातात येतच नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा, जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन, उत्पन्नाचा दाखला ‘आपले सरकार’वर, बांधकाम मजुराची नोंदणीही तशीच. २६ ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तीही संगणकावरच. अर्ज भरून झाला, बटण दाबले, की पडद्यावर एक पाटी येते : आपला अर्ज सादर झाला आहे, अर्ज क्रमांक अमुक. हीच आजची पावती! ती किती वेळ दिसेल याचा भरवसा नसतो. लाईट गेली, रेंज गेली, चुकून मागे जाण्याचे बटण दाबले गेले, की पाटी गेली. मग ‘मी फॉर्म भरला होता’ असे सांगत फिरण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

निफाड तालुक्यातल्या आपल्या कुटुंबांना हे विशेष सांगण्याची गरज आहे. आई लासलगाव-विंचूरकडच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते, वडील द्राक्षबागेत छाटणीला किंवा पिंपळगावला हमालीला. दिवसभर कुणाला वेळ नसतो. फॉर्म भरण्याचे काम रात्री जेवणानंतर, कुणाकडून तरी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाईलचे इंटरनेट जोडून होते, आणि तेही बहुधा शेवटच्या तारखेला. त्या रात्री सगळी गावे एकाच संकेतस्थळावर तुटून पडलेली असतात. पान अर्धे उघडते, अर्धे अडते. अशा वेळी जे दिसले ते तिथल्या तिथे पकडून ठेवता आले पाहिजे. या पकडून ठेवण्यालाच स्क्रीनशॉट म्हणतात. पडद्यावर जे दिसते त्याचा जसाच्या तसा फोटो लॅपटॉपच काढून देतो. पैसा लागत नाही, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, आणि सातवीतल्या मुलीला पाच मिनिटांत जमते. घरात अशी मुलगी असेल तर हा लेख तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि लॅपटॉप समोर ठेवावा.

एका बटणाची गोष्ट

लॅपटॉपच्या कळफलकावर वरच्या ओळीत, उजव्या हाताला, एक बटण असते. त्यावर पी, आर, टी, एस, सी अशी इंग्रजी अक्षरे असतात. पूर्ण नाव प्रिंट स्क्रीन. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला तेव्हा हे बटण खरोखरच छापायचे काम करी. शिफ्टबरोबर ते दाबले की पडद्यावरची अक्षरे जोडलेल्या प्रिंटरवर कागदावर उतरत. पुढे कागद गळून पडला, नाव तेवढे राहिले.

आज विंडोजच्या लॅपटॉपवर नुसते हे बटण दाबले, तर जुन्या यंत्रावर काहीच घडल्यासारखे वाटत नाही. आवाज नाही, उजेड नाही. पुष्कळ जण इथेच फसतात आणि पाच-पाच वेळा दाबत बसतात. फोटो निघालेला असतो, पण तो अधांतरी, संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात असतो. त्याला जागेवर बसवावे लागते. पेंट किंवा वर्ड उघडावे, कंट्रोल आणि व्ही ही बटणे एकत्र दाबावीत, फोटो तिथे उमटतो. मग कंट्रोल आणि एस दाबून नाव देऊन सेव्ह करावे. हे न करता लॅपटॉप बंद केला, तर फोटो गेला. विंडोज ७ असलेले जुने लॅपटॉप आपल्याकडे अजून दिसतात. त्यांवर हीच सर्वांत साधी रीत.

विंडोज ८, १० आणि ११ वर याहून सोपा मार्ग आहे, आणि आमच्या मते घरात प्रत्येकाने पाठ करावा तो हाच. चार चौकटींचे चित्र असलेले विंडोजचे बटण दाबून धरावे आणि प्रिंट स्क्रीन दाबावे. पडदा क्षणभर काळवंडतो आणि पूर्ववत होतो. फोटो आपोआप ‘पिक्चर्स’ या फोल्डरातल्या ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरात जाऊन बसतो. चिकटवणे नाही, नाव देणे नाही. शेवटच्या तारखेच्या रात्री हात कापत असताना एवढे एकच लक्षात राहिले तरी पुरे. तिथे फोटो सापडला नाही, तर ‘वनड्राइव्ह’ नावाच्या फोल्डरातले पिक्चर्स उघडून पाहावे. पुष्कळ लॅपटॉपांत तो तिकडे जातो.

छोट्या लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनला स्वतंत्र बटण नसते, दुसऱ्याच एखाद्या बटणावर ते नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. तेव्हा खालच्या डाव्या कोपऱ्यातले एफएन हे बटण बरोबर दाबावे लागते. प्रिंट स्क्रीनचे नावच कुठे नसेल, तर काही लॅपटॉपांवर एफएन, विंडोज आणि स्पेसबार ही तीन एकत्र दाबून काम होते.

पडद्याचा तुकडाच हवा असेल, तर विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणे. विंडोज १० आणि ११ वर पडदा धुरकट होतो, बाण अधिकचिन्हासारखा होतो. हवा तो चौकोन ओढून घ्यावा. विंडोज १० वर हा तुकडाही आधी तात्पुरत्या स्मरणातच जातो, म्हणून चिकटवून सेव्ह करायला विसरू नये. विंडोज ११ मध्ये तो सहसा आपोआप साठतो. २०२३ नंतरच्या विंडोज ११ मध्ये नुसते प्रिंट स्क्रीन दाबले तरी तुकडा कापायचे हेच साधन उघडते. घाबरून जाऊ नये, लॅपटॉप बिघडलेला नसतो.

ॲपलच्या लॅपटॉपवर कमांड, शिफ्ट आणि ३ ने पूर्ण पडदा, ४ ने तुकडा. फोटो डेस्कटॉपवर येतो. असा लॅपटॉप आपल्याकडे क्वचितच दिसतो, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

फोटोत काय दिसले पाहिजे

बटण दाबायला आले म्हणजे पुरावा झाला असे समजू नका. आम्ही पाहिलेल्या अशा फोटोंपैकी निम्म्याहून अधिकांत नुसती हिरवी खूण आणि ‘यशस्वी’ एवढाच शब्द असतो. कुणाचा अर्ज, कुठला अर्ज, कोणत्या दिवशी, काही कळत नाही. कार्यालयातल्या बाबूने तो बाजूला सारला, तर त्याला दोष कसा द्यावा?

फोटोत चार गोष्टी आल्या पाहिजेत : वरच्या पट्टीतला संकेतस्थळाचा पत्ता, अर्जदाराचे नाव, अर्ज क्रमांक, आणि खाली कोपऱ्यात घड्याळाची वेळ व तारीख. शेवटची गोष्ट बहुतेक जण कापून टाकतात. म्हणून पुराव्यासाठी फोटो काढताना तुकडा कापू नका, पूर्ण पडदाच घ्या. अल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून फक्त चालू खिडकीचा फोटो घेता येतो, पण त्यातही घड्याळ सुटते. फोटो सुबक दिसावा म्हणून वेळ कापणे म्हणजे पावती छान दिसावी म्हणून तिच्यावरची तारीख फाडणे होय! लॅपटॉपचे घड्याळ बरोबर आहे ना, हेही आधी पाहून घ्यावे. बंद पडून राहिलेल्या जुन्या यंत्रात ते कित्येकदा चुकीची तारीख दाखवते.

भरलेला अर्ज लांबलचक असतो, एका पडद्यात मावत नाही. तेव्हा कंट्रोल आणि पी दाबावे. छापण्याची खिडकी उघडते. तिथे प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडले, की सबंध पान फाईल होऊन साठते. फायरफॉक्समध्ये पानावर उजवे बटण दाबले तर पूर्ण पानाचा फोटो घेण्याची सोयही मिळते. संकेतस्थळ स्वतःच पावती उतरवून घ्यायला देत असेल, तर ती आधी घ्यावी. स्क्रीनशॉट हा तिचा सोबती आहे. पावती उघडेना, पान अडले, चूक दाखवू लागले, तर त्या चुकीच्या पाटीचाही फोटो घ्या. अर्ज का राहिला हे उद्या सांगायचे झाल्यास, ‘मुदत संपण्याआधी दोन तास संकेतस्थळ अडले होते’ असे तोंडी सांगणे वेगळे आणि वेळेसकट दाखवणे वेगळे.

आता पैशाचे पाहू. समजा, मुलाच्या परीक्षेची फी भरताना खात्यातून पैसे गेले आणि पानावर मात्र ‘व्यवहार अपूर्ण’ आले. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरायची घाई करू नका. आधी त्या पाटीचा फोटो, मग बँकेच्या पानावर व्यवहार क्रमांकासह वजा झालेल्या रकमेचा फोटो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढून अशा फसलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या आहेत. यूपीआयने एखाद्या दुकानाला वा संस्थेला भरलेले पैसे खात्यातून गेले पण तिकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आपल्या माणसाची अख्ख्या दिवसाची मजुरी फक्त बँकेत चौकशीला जाण्यात बुडते, तेव्हा ही माहिती घेऊनच बँकेची पायरी चढावी.

सेवा हक्काचा कायदाही इथे कामाला येतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळते आणि ठरलेल्या मुदतीत काम व्हावे लागते. काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. मुदत कोणत्या दिवशी सुरू झाली हे सांगतो तो अर्ज क्रमांक आणि ती तारीख. म्हणजे पुन्हा तोच फोटो.

पुरावा आणि न्यायालय

पुराव्याचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १२ डिसेंबर १९२७ ला दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला संपला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे समोरच्यांचे म्हणणे होते. ते त्यांना सिद्ध करता आले नाही आणि बाबासाहेबांची बाजू जिंकली. दहा वर्षे चाललेल्या त्या लढाईत कागद आणि साक्षी यांचाच कीस पडला होता. आणि ज्या न्यायमूर्ती रानड्यांवर बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात ते गाजलेले भाषण केले, त्यांचा जन्म १८४२ चा, आणि तो आपल्या या निफाडातला. तेव्हा कोर्टाची भाषा निफाडकरांनी परकी मानू नये.

स्क्रीनशॉट न्यायालयात चालतो का, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. चालतो, पण नुसती प्रिंट काढून पुढे ठेवल्याने चालत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आहे. जुन्या कायद्यातले कलम ६५-ब आता तिथे कलम ६३ झाले आहे. संगणकातल्या नोंदीबरोबर एक प्रमाणपत्र द्यावे लागते : नोंद कोणत्या यंत्रातून निघाली, यंत्र नीट चालत होते का. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाईलचा ‘हॅश’ नावाचा आकडाही त्यात लिहायचा असतो. हा आकडा म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे, ते मराठवाड्यातल्या एका खटल्याने देशाला दाखवले. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजेपर्यंत होती. अर्जुन खोतकर यांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, आणि पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुढे आले. कार्यालयाकडे पुन्हा पुन्हा मागूनही प्रमाणपत्र मिळाले नव्हते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि नियम सांगितला : मूळ यंत्र न्यायालयात हजर करत नसाल, तर प्रमाणपत्र हवेच. मात्र ज्याने ते मिळवायची सर्व खटपट केली त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावणार नाही.

यातून आपण काय करायचे? मूळ फाईलला हात लावू नका. तिच्यावर लाल गोल काढायचा असेल, अक्षरे लिहायची असतील, तर प्रत काढून तिच्यावर करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, ठसा बदलतो. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाईल ज्या लॅपटॉपवर निघाली, तो प्रकरण संपेपर्यंत विकू नका, मोडीत घालू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर असावी.

मूळ फाईलची ही काळजी सर्वांत जास्त कुठे घ्यावी लागते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. समाजमाध्यमावर बाबासाहेबांबद्दल घाणेरडा मजकूर टाकला जातो, आपल्या मुलीच्या फोटोखाली जातीवाचक शिवी लिहिली जाते. गावात खळबळ उडाली की टाकणारा तासाभरात मजकूर पुसतो आणि ‘मी नाहीच’ म्हणतो. पोरे संतापतात, चौकात जमतात. पण फोटो कुणी घेतलेला नसतो! संताप खरा आहे, पण पहिले दोन मिनिटे लॅपटॉपसाठी द्या. मजकूर, लिहिणाऱ्याच्या खात्याचे नाव, दिसत असेल तर मोबाईल क्रमांक, वरचा पत्ता, तारीख, वेळ हे सगळे पूर्ण पडद्यावर घ्या. खात्याचे मुख्य पानही घ्या, कारण नाव बदलता येते. अनुसूचित जातींना मान असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी वा अन्य मार्गाने अनादर करणे हा २०१५ च्या दुरुस्तीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. फोटो घेऊन पोलीस ठाण्यात जा, किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. आणि निषेध म्हणून तोच घाणेरडा मजकूर पन्नास गटांत फिरवू नका. त्याचा प्रचार आपणच का करावा?

फोटो खोटाही असतो

जे यंत्र खरा फोटो देते तेच खोटाही बनवते. पडद्यावरचा आकडा बदलून फोटो काढणे आज शाळकरी पोराला जमते. निफाडच्या आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीला, चहाच्या टपरीवाल्याला ‘पैसे टाकले, हा बघा फोटो’ असे सांगून गंडवणारे आहेत. पैसे आले की नाही, हे स्वतःच्या खात्यात पाहावे, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर कधीच नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करावा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक.

आपला फोटो दुसऱ्याच्या हाती गेला तर काय, हेही पाहिले पाहिजे. आधारचे बारा आकडे, बँक खाते, ओटीपी दिसणारा फोटो गटात टाकू नये. गावातला ओळखीचा असला तरी नको. आधार द्यायचेच असेल, तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

निफाडला किंवा लासलगावला कॅफेत, सेवा केंद्रात बसून फॉर्म भरत असाल, तर उठण्यापूर्वी आणखी पाच मिनिटे द्या. स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरात आणि डाउनलोड्समध्ये आपले नाव असलेल्या सगळ्या फाईली आधी पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर घ्याव्या. त्या उघडून पाहाव्या, अक्षरे वाचता येतात ना याची खात्री करावी. मग त्या यंत्रावरून शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबून पुसाव्या; नुसते डिलीट दाबले तर त्या कचरापेटीत पडून राहतात आणि पुढचा माणूस उचलू शकतो. विंडोज आणि व्ही दाबून पाहावे. ती सोय त्या यंत्रावर चालू असेल, तर मघाचे फोटो तिथेही रांगेने दिसतील. ‘क्लिअर ऑल’ करावे. संकेतस्थळावरून आणि ईमेलवरून बाहेर पडावे. मालकाला एक साधी काळी-पांढरी प्रिंट मागावी, तिच्या मागे अर्ज क्रमांक आणि तारीख पेनाने लिहावी, आणि ती घरच्या पेटीत, त्याच फडक्यात, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवावी.